फ्रेम मागितली, कॅमेरा हलला

बोलून आणि हात हलवून आभासी सेटवरचा कॅमेरा चालवता येईल, अशी एक प्रणाली मी बांधली होती. ती चालत होती. शब्द ओळखायची, बोटं ओळखायची, सांगितलं तिकडे कॅमेरा न्यायची. ज्या दिग्दर्शकांसाठी बांधली त्यांनी मात्र ती वापरली नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आज वाटत नाही. चुकलं ते माझं, आणि तेही एका जागी नाही. अशा प्रणालींबद्दल जे छापून येतं ते बहुतेक यशाचंच असतं. प्रात्यक्षिकाच्या व्हिडिओत कुणाचा हात दुखत नाही की कुणाचा फोन वाजत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

मी पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत प्रीव्हिजचं काम करते. चित्रीकरणाच्या आधी गेम इंजिनात सेट उभा करायचा, पात्रांच्या जागी ओबडधोबड पुतळे ठेवायचे आणि शॉट लावून बघायचे, म्हणजे प्रत्यक्ष सेटवर युनिट ताटकळत बसत नाही. हा चित्रपट जुन्या वाड्यात घडणारा होता. ओसरी, चौक, मधे तुळशीवृंदावन, आत माजघराचा अंधार, आणि त्यात वावरणाऱ्या सासू-सुना. आमचा शॉट लावायचा प्रकार जगात सगळीकडे असतो तोच. एक अ‍ॅनिमेटर मुलगा माउस धरून बसतो, दिग्दर्शक त्याच्या खुर्चीमागे उभे राहतात आणि सांगतात, "जरा डावीकडे. अरे, तिच्या डावीकडे! खाली ये. एवढं नको. आता आत जा." मुलगा घामाघूम. मला वाटलं, हा मधला माउस आणि मधला मुलगा काढून टाकला की दिग्दर्शक थेट कॅमेऱ्याशी बोलतील. ‘थेट’ या कल्पनेवर माझा तेव्हा फार विश्वास होता.

त्या विश्वासाचं मूळ सांगता येतं. रिचर्ड बोल्ट यांनी १९८० साली अमेरिकेतल्या एमआयटीत केलेलं ‘पुट-दॅट-देअर’ नावाचं काम या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी दाखवतंच. मला कॉलेजात दाखवलं होतं. भिंतीएवढा पडदा, समोर खुर्चीत बसलेला माणूस, मनगटाला चुंबकीय सेन्सर. तो बोट दाखवतो, म्हणतो ‘ते’. मग दुसरीकडे बोट दाखवतो, म्हणतो ‘तिथे’. आणि पडद्यावरची आकृती मुकाट्याने जागा बदलते. तेव्हाच्या यंत्राला जेमतेम १२० शब्द कळत होते आणि एका दमात पाचपेक्षा जास्त शब्द चालत नव्हते. मी मनात हिशेब मांडला की १२० शब्दांत हे जमलं, तर आज हजारो तास आवाज ऐकून शिकलेली मॉडेलं फुकट मिळतात, हाताचे एकवीस बिंदू साध्या वेबकॅमवरून ओळखणारी सॉफ्टवेअरं मिळतात. मग अडचण कसली?

अडचण अशी की बोल्टच्या पडद्यावर वस्तू हलत होत्या आणि बघणारा स्थिर होता. मी जे हलवायला निघाले होते तो कॅमेरा, म्हणजे बघणाराच. बोट तुळशीवृंदावनाकडे दाखवावं, कॅमेरा तिकडे वळू लागावा, आणि वळताच वृंदावन पडद्यावरून सरकून बोटाखाली ओसरीचा खांब यावा. आता बोट कशाकडे आहे? दाखवण्याच्या क्रियेनेच दाखवलेली वस्तू जागची हलते. ही गोष्ट कागदावर दोन ओळींत कळते. मला ती कोड लिहून, प्रात्यक्षिकात फजिती होऊन, मग कळली.

पण त्याआधीची चूक हातांची होती. आभासी जागेत फिरायचे तीन मार्ग कॉलिन वेअर आणि स्टीव्हन ऑस्बोर्न यांनी १९९० साली तपासून ठेवले आहेत: डोळा हातात धरल्यासारखं फिरवायचं, सगळं दृश्यच हातात धरून फिरवायचं, किंवा विमानात बसल्यासारखं उडत जायचं. कुठला मार्ग चांगला हे कामावर ठरतं, असा त्यांचा निष्कर्ष. मी पहिला घेतला, कारण तो दिसायला सगळ्यांत देखणा. हात हाच कॅमेरा. हात उचलला की कॅमेरा उचलतो, मनगट वळवलं की पॅन होतो. मी स्वतः करून बघितलं तेव्हा मजा आली. मी दोन मिनिटं करून बघितलं होतं, हे मात्र लक्षात घेतलं नाही. दिग्दर्शक दुपारभर शॉट लावतात. अधांतरी धरलेला हात थोड्याच वेळात खांद्यातून भरून येतो. उभ्या टचस्क्रीनच्या काळापासून या त्रासाला संगणकवाले ‘गोरिला आर्म’ म्हणत आले आहेत. तो शब्द मला माहीत होता आणि तरी तो मला आठवला नाही.

शिवाय माणसाचा हात थरथरतो. पडद्यावर तो थरथराट असा दिसायचा की सासूबाई भूकंपात उभ्या आहेत. मी गुळगुळीत करणारं गणित वाढवलं, म्हणजे मागच्या बऱ्याच मोजण्यांची सरासरी घ्यायची. थरथर गेली आणि त्याच्या जागी उशीर आला. सर, म्हणजे या चित्रपटाचे दिग्दर्शक, हात थांबवायचे, कॅमेरा पुढे जाऊन मग थांबायचा. ते परत मागे आणायचे, तो आणखी मागे जायचा. या दुखण्यावर २०१२ साली ‘वन युरो फिल्टर’ नावाचा साधासा उपाय प्रसिद्ध झालेला आहे. हात सावकाश हलत असेल तर जास्त गुळगुळीत कर, वेगात असेल तर कमी कर. सावकाश हालचालीत थरथर खुपते, वेगवान हालचालीत उशीर खुपतो. दोन्ही एकदम खुपत नाहीत. जेमतेम पानभराचं गणित, आणि ते मी शोधलं कधी, तर स्वतःचं वाईट गणित भरपूर लिहून झाल्यावर.

दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जन्यांची चौकट करून डोळ्यासमोर धरायची, की कॅमेऱ्याने तेवढीच फ्रेम घ्यायची, ही माझी खास लाडकी खूण होती. दिग्दर्शकांचे फोटो असेच तर छापतात. प्रत्यक्षात मी पाहिलेला एकही दिग्दर्शक काम करताना असं करत नाही. ते फोटोग्राफरच्या आग्रहाखातर असतं. आणि दोन हात एकमेकांवर आले की सेन्सरला मागची बोटं दिसेनाशी होतात, तो अंदाजाने बोटं बसवतो, फ्रेम उडते. ही खूण मी कितीतरी दिवस वाचवत राहिले. सादरीकरणात ती छान दिसायची, एवढंच.

आता बोलण्याकडे येते. इथे माझ्या मराठीप्रेमाने घात केला. मी आज्ञांची यादी केली: ‘कॅमेरा उजवीकडे वळव’, ‘कॅमेरा वर उचल’, ‘दृश्य मोठे कर’. शाळेच्या फळ्यावर शोभावी अशी. सेटवर माणसं बोलतात ते असं: "टिल्ट अप दे जरा." "ट्रॉली इन, ट्रॉली इन, बस." "टाइट कर." "हेडरूम कमी." "सुनेचा सजेशन घे", म्हणजे सुनेचा खांदा पुढे ठेवून सासूचा चेहरा. हे सगळं मला ठाऊक होतं, मी रोज ऐकत होते. तरी यंत्रासाठी लिहायला बसले तेव्हा मी यंत्राशी बोलायची एक वेगळी, इस्त्रीची मराठी तयार केली आणि माणसांनी ती शिकावी अशी अपेक्षा धरली. सरांनी ती यादी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि पुन्हा कधी बाहेर काढली नाही.

आवाज ओळखणाऱ्या मॉडेलचंही एक अजब होतं. खोलीत कुणीच बोलत नसताना, पंख्याच्या घरघरीत, ते अचानक ‘बघितल्याबद्दल धन्यवाद’ अशा ओळी लिहून मोकळं व्हायचं. व्हिडिओंच्या उपशीर्षकांवर शिकलेल्या मॉडेलांची ही खोड आता बरीच माहीत झालेली आहे. शांततेत काही न लिहिणं त्यांना जमत नाही. धन्यवादाने कॅमेरा हलत नव्हता, पण एकदा त्याने शांततेतून ‘पुढे’ ऐकलं आणि कॅमेरा संथपणे माजघराच्या भिंतीतून आरपार गेला. सर म्हणाले, "हे ठेवू या का? बरं दिसतंय." मला हसू आलं नाही, तेव्हा.

खरं हसं झालं ते वेगळ्याच गोष्टीने. सर हातवारे करून बोलणारे गृहस्थ आहेत. सहायकाला प्रसंग समजावताना त्यांचे दोन्ही हात हवेत असतात: सून इथून येते, भांडं पडतं, सासू अशी वळते. आणि प्रत्येक ‘अशी’ला माझा कॅमेरा वळत होता. फोनवर बायकोला "थांब गं, येतो" म्हणाले, कॅमेरा थांबला. रॉबर्ट जेकब यांनी १९९० साली नजरेने संगणक चालवण्याच्या प्रयोगांत हीच अडचण मांडली होती आणि तिला राजा मिडासच्या स्पर्शाचं नाव दिलं होतं: जिकडे बघावं ते सोनं, म्हणजे साधं बघायची सोयच नाही. हातांचंही तेच. माणसाचे हात यंत्रासाठी राखून ठेवलेले नसतात.

मी काय केलं? प्रत्येक आज्ञेआधी ‘कॅमेरा’ म्हणायचा नियम घातला. सर विसरायचे. मग आठवलं की मोठ्याने "कॅमेरा!" म्हणायचे, आणि सवयीने त्यापाठोपाठ "अ‍ॅक्शन!" निघून जायचं. शेवटी आमच्या साउंडवाल्या दादांनी त्यांच्या सामानातला पायाने दाबायचा एक स्विच आणून टेबलाखाली ठेवला. पाय दाबलेला असेल तर ऐक आणि बघ. सोडला की बहिरा-आंधळा हो. त्या एका स्विचने निम्मी भांडणं मिटली. हा उपाय मला आधीच सुचला होता, पण मी तो बाजूला ठेवला होता. बटण आलं म्हणजे ते ‘नैसर्गिक’ कुठे राहिलं, असा माझा बाणा. नैसर्गिकपणाची ही हौस महाग पडते. शिवणयंत्र, हार्मोनिअम, गाडी, पायाने काम करायला माणूस कधी कुरकुरलेला नाही.

यापुढची चूक जास्त तांत्रिक आहे, पण मला ती सगळ्यांत शिकवणारी वाटते. सर म्हणायचे, "हिच्यावर ये," आणि त्याच वेळी बोट दाखवायचे. माझा कोड काय करत होता? वाक्य पूर्ण होऊन त्याचं लिखित रूप मिळालं, की त्या क्षणी हात कुठे आहे ते बघायचा. पण लिखित रूप मिळायला वेळ लागतो, आणि तोवर हात कान खाजवायला गेलेला असतो. कॅमेरा जायचा सरांच्या कानाच्या दिशेला जे काही असेल तिकडे. मी सेन्सरला दोष दिला, उजेडाला दोष दिला. शॅरन ओव्हिएट यांचा १९९९ चा एक गाजलेला लेख आहे, बोलणं आणि खुणा एकत्र वापरणाऱ्या प्रणालींबद्दलच्या दहा गैरसमजांवर. त्यातला एक गैरसमज नेमका माझा होता: शब्द आणि खूण एकाच क्षणी येतात, हा. दाखवणं बहुतेक वेळा शब्दाच्या आधी येतं. ‘हिच्यावर’ कानावर पडतं तेव्हा बोट आपलं काम उरकून परतीच्या वाटेला लागलेलं असतं.

म्हणून मी हाताच्या जागांची शेवटच्या काही सेकंदांची नोंद ठेवू लागले, प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का. शब्द कधी उच्चारला गेला ते मॉडेल सांगतं. त्याच्या किंचित आधी बोट कुठे स्थिरावलं होतं ते नोंदीत शोधायचं. बरंच सुधारलं. आणि तरीही मधूनच वृंदावन मागितल्यावर खांब मिळत होता. तो दोष सापडायला फार वेळ गेला, कारण तो हातात नव्हताच. मी हाताची जुनी जागा घेत होते, पण बोटाची रेषा टाकत होते आत्ताच्या कॅमेऱ्यातून. बोट दाखवलं तेव्हा कॅमेरा पॅन होत होता. सरांनी त्या वेळच्या चित्रावर बोट ठेवलं होतं. कॅमेऱ्याचीही तशीच नोंद ठेवून जुनी रेषा जुन्या कॅमेऱ्यातून टाकली, तेव्हा कुठे खांब गेला आणि वृंदावन आलं.

एवढं सगळं दुरुस्त झाल्यावर प्रणाली खरोखर चालू लागली. आणि सर पुन्हा त्या मुलाच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

मला राग आला होता, हे कबूल करते. मग चित्रपटाचे कॅमेरामन एका दुपारी स्टुडिओत आले. वयाने मोठे, फिल्मच्या जमान्यापासून काम करणारे. ते माझी प्रणाली वापरणार नाहीत हे उघड होतं, म्हणून मी त्यांना सरांच्या शेजारी बसवलं आणि सांगितलं, सर सांगतील तो शॉट तुम्ही त्या मुलाकडून लावून घ्या. परवानगी घेऊन सगळं रेकॉर्ड केलं. यंत्राच्या जागी माणूस बसवून लोक कसे बोलतात ते आधी बघून घ्यायचं, या पद्धतीला ‘विझार्ड ऑफ ऑझ’ म्हणतात आणि ती १९८० च्या दशकापासून रुळलेली आहे. ती पहिल्या आठवड्यात करायची असते. मी शेवटी केली, तीही रागाच्या भरात.

सर म्हणाले, "घर तिच्या अंगावर येऊ दे." कॅमेरामन काही क्षण पडद्याकडे बघत राहिले. मग मुलाला म्हणाले, "अठरा लाव. खाली बस, जोत्याच्या उंचीला. आता मागे जा, चौकाच्या कोपऱ्यापर्यंत." वाइड लेन्स, खालचा कोन, वरची लाकडी तुळई फ्रेममध्ये आली, सून लहान झाली. सर म्हणाले, "हां." त्या वाक्यात डावं-उजवं, वर-खाली, काहीही नव्हतं. दुसऱ्या शॉटला सर म्हणाले, "जवळ." कॅमेरामननी कॅमेरा मागे नेला! मागे नेला आणि पंच्याऐंशीची लेन्स लावली. चेहरा मोठा झाला, पाठीमागचा दरवाजा चेहऱ्याला येऊन भिडला. माझी प्रणाली ‘जवळ’ ऐकून अठराच्याच लेन्सवर पुढे घुसली असती आणि सुनेचं नाक फुगवून ठेवलं असतं. ती दरवेळी हेच करायची आणि सर दरवेळी तोंड वाकडं करायचे. मला वाटायचं त्यांना अंतर पसंत नाही.

रात्री रेकॉर्डिंग बघत बसले, आवाज बंद करून, फक्त हात. सरांचे हात वाड्यात नव्हतेच. ते पडद्याच्या सपाट काचेवर होते. "ही इथे," म्हणताना बोट फ्रेमच्या डाव्या तिसऱ्या भागावर. "एवढी," म्हणताना अंगठा आणि तर्जनी यांच्यात चेहऱ्याची उंची. "वर रिकामं पाहिजे," म्हणताना तळहात आडवा, डोक्यावर. ते कॅमेरा हलवायला सांगत नव्हते. चित्र कसं हवं ते दाखवत होते, आणि कॅमेरा कुठे ठेवल्यावर ते मिळेल हा विचार दुसऱ्याने करावा असं त्यांनी गृहीत धरलं होतं. मी त्यांना रिमोट दिला होता. आणि जो माणूस हटवायचा म्हणून मी निघाले होते, नेमकं त्याचंच डोकं कामाचं होतं.

हेही नवीन नव्हतं. जिम ब्लिन हे व्हॉयेजर यानांच्या ग्रहभेटींची अ‍ॅनिमेशनं करणारे गृहस्थ. त्यांनी १९८८ सालीच हा प्रश्न उलटा मांडून ठेवला होता: यान पडद्यावर इथे दिसायला हवं, ग्रह तिथे, तर कॅमेरा कुठे? १९९६ साली ली-वेई हे, मायकेल कोहेन आणि डेव्हिड सेलेसिन यांनी तर दोन माणसांच्या संवादाचे शॉट कसे लावावेत याचे चित्रपटातले रूढ प्रघातच कोडमध्ये बसवले. आणि क्रिस्तोफ लिनो व मार्क क्रिस्ती यांचं २०१५ चं काम वाचताना मला आपली दहावीची भूमिती भेटली. दोन पात्रं पडद्यावर ठरल्या जागी हवी असतील, तर कॅमेऱ्यातून त्या दोघांकडे जाणाऱ्या रेषांमधला कोन ठरून जातो. एकाच कंसात अंतर्लिखित झालेले सर्व कोन एकरूप असतात, हे प्रमेय घोकलेलं होतंच. म्हणजे कॅमेरा त्या कंसावर कुठेही असू शकतो. तो कंस दोन पात्रांना जोडणाऱ्या रेषेभोवती फिरवला की दोन्ही टोकांना खाचलेल्या सफरचंदासारखा पृष्ठभाग तयार होतो. कॅमेरा त्या सफरचंदाच्या सालीवर कुठेही ठेवा आणि नेमका रोखा, सासू आणि सून फ्रेममध्ये आपापल्या जागी राहतात. बदलतो तो बघण्याचा कोन. सासूच्या खांद्यामागून, वरून, जोत्यावरून. माझा संताप असा की पात्र पडद्यावर कुठे दिसावं हे आकड्यांत सांगायची सोय आमच्या गेम इंजिनातल्या सिनेमशीन या जोडणीतही होती. रोज डोळ्यासमोर असलेली ती सरकपट्टी मी कधी हाताने हलवूनही बघितली नव्हती.

पुन्हा बांधलं. आता शब्द सांगतो कोण आणि कशा प्रकारचा शॉट: ‘दोघी’, ‘सुनेचा सजेशन’, ‘टॉप’. बोट काचेवर जागा सांगतं, अंगठा-तर्जनी आकार सांगतात, आणि हात टेबलावर टेकलेला राहतो. लेन्स सरांनी नाव घेतलं तरच बदलायची, नाहीतर प्रणालीने आपली निवडायची. सर बसू लागले. पण चुकायची माझी हौस फिटली नव्हती. दोन पात्रांमधली एकशे ऐंशी अंशांची रेषा ओलांडायची नाही, हा नियम मी भिंतीसारखा घातला, कारण आधीच्या रूपात कॅमेरा बेफिकीरपणे पलीकडे उडी मारत होता आणि कट लावल्यावर सासू-सून एकाच दिशेला बघताना दिसत होत्या. मग एका प्रसंगात सरांना मुद्दाम रेषा ओलांडायची होती. भांडणात घराचं पारडं फिरतं तो क्षण. प्रणालीने नकार दिला. ते दोनदा बोलले, तिने दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा त्यांनी पाय उचलला आणि चहाला गेले. आता रेषा ओलांडण्याआधी प्रणाली पडद्याच्या कडेला एक लाल रेघ दाखवते आणि गप्प बसते.

आणि सगळ्यांत लाजिरवाणं. त्या दुपारच्या रेकॉर्डिंगमध्ये सरांच्या तोंडी पुन्हा पुन्हा येणारं वाक्य होतं: "नको, मगाचंच बरं होतं." माझ्या यादीत ते नव्हतंच. परत फिरायची आज्ञा मी दिली नव्हती. नंतर दिली तर तिने एक पाऊल मागे नेलं, म्हणजे बोट किंचित हललं त्याच्या आधीची स्थिती. सरांचं ‘मगाचं’ म्हणजे कॅमेरा जिथे थांबला होता आणि कुणीतरी ‘हां’ म्हणालं होतं, ते. म्हणून कॅमेरा स्थिर राहिला तेवढ्याच जागा आता साठवल्या जातात, आणि ‘हां’ ऐकू आला तर त्या जागेवर खूण होते.

मधे एकदा हेडसेटचाही मोह झाला होता. तो प्रकार लवकर आटोपला. सरांच्या डोळ्यांवर हेडसेट आणि कॅमेरा हलवणारं दुसरं कुणी. डोळे म्हणतात आपण चाललो, कानातला तोल म्हणतो बसलो आहोत. लिंबू सरबत मागवावं लागलं. २०१९ च्या ‘द लायन किंग’च्या वेळी युनिटने हेडसेट घालून आभासी आफ्रिकेत फिरून जागा पाहिल्या, पण शॉट घेताना सेन्सर बसवलेल्या खऱ्या डॉल्या आणि क्रेन वापरल्या. पूर्वी हे वाचून मला ती जुन्या माणसांची जुनी खोड वाटली होती.

चित्रीकरण सुरू झालं तेव्हा शेवटची चूक बाहेर आली, आणि ती पैशात मोजली जाणारी होती. आमच्या आभासी कॅमेऱ्याला अंग नव्हतं. तो एक बिंदू. ओसरीतला सासूचा सुंदर क्लोज मी मान्य करून घेतला होता. प्रत्यक्ष वाड्यात कॅमेरामन आमचा कागद घेऊन त्या जागी गेले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. जागा आणखी हातभर मागे होती, भिंतीच्या आत. मला बोलावून म्हणाले, "काय गं, पाडायची का?" वाडा जुना, मालक दारातच उभे. कागदावर लेन्स लिहिली होती सदतीस मिलिमीटरची, आणि पेटीत पस्तीस होती नि पन्नास होती. युनिट थांबलं. त्यांनी दरवाजातून पन्नासने वेगळाच शॉट घेतला, आणि पुढच्या दोन प्रसंगांचं आमचं काम त्याच्याशी जुळेना म्हणून तेही जागेवरच नव्याने ठरवावं लागलं.

परत आल्यावर आभासी कॅमेऱ्याला मी अंग दिलं: तिवई, बॉडी, मागे वाकून उभा राहील एवढा माणूस, त्याच्या कोपरांसकट. लेन्स पेटीत असतील तेवढ्याच. भिंतीत शिरणारा शॉट मागितला तर प्रणाली तो लावत नाही आणि कारण बोलून सांगते: "मागे जागा नाही." हा आवाज मी माझाच रेकॉर्ड करून घातला आहे. सरांना तो अजिबात आवडत नाही. मुलीच्या आवाजात आई बोलते, असं म्हणतात.